फायका की होप? मनोरुग्ण विभागात अध्यात्माबद्दल विचारताना

रुग्णाच्या आध्यात्मिक गरजा समजून घेण्यासाठी परिचारिकेच्या हाताशी असलेले प्रश्नांचे हे दोन साचे. फायका (FICA) 1996 चा, होप (HOPE) 2001 चा; दोन्ही नावं टप्प्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

फायकाचे चार टप्पे: श्रद्धा कशावर, तिचं महत्त्व किती, सोबतीला समुदाय आहे का आणि उपचारांत तिची दखल कशी घ्यावी. आटोपशीर आहे, नोंदवायलाही सोपा. पण सुरुवातच श्रद्धेपासून होते. तीव्र सायकोसिसमध्ये, म्हणजे वास्तवाचं भान सुटलेल्या अवस्थेत, ‘देव मला हुकूम देतो’ म्हणणारा रुग्ण या प्रश्नाने भ्रमात आणखी खोल जाऊ शकतो.

होप ‘कठीण काळात बळ कशातून मिळतं?’ इथून सुरू होतो. धर्म दुसऱ्या टप्प्यावर येतो. त्यामुळे नास्तिक माणूसही बोलता होतो आणि आत्महत्येचे विचार असलेल्याच्या उत्तरात जगण्याची कारणं सापडू शकतात. उत्तर ‘कशातूनच नाही’ असं आलं, तर साचा बाजूला ठेवून मरणाचे विचार येतात का, काही योजना आहे का, हे तिथेच स्पष्ट विचारावं. होपच्या अखेरीस आयुष्याच्या शेवटाबद्दलचेही प्रश्न आहेत. ते इथे गाळावेत.

आमच्या मते या विभागात होपच बरा. मात्र उपचारांशी सांगड घालणारा शेवटचा टप्पा दोन्हींत कळीचा आणि घाईत नेमका तोच सुटतो. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्याने निर्जळी उपास केला, तर रक्तातली पातळी वाढून थरथर, उलट्या, तोल जाणं सुरू होऊ शकतं. म्हणून ‘उपास करता का?’ एवढ्यावर न थांबता ‘त्या दिवशी पाणी पिता का?’ हेही विचारा आणि उत्तर डॉक्टरांना कळवा.