तीन एकरांच्या ले-आऊटचे सांडपाणी: महापालिकेची यूजीडी, स्वतःचा एसटीपी की घरोघरी सेप्टिक टँक?

बेळगाव शहराच्या कडेला दोन-तीन एकर जमीन असलेला शेतकरी किंवा लहान बिल्डर ले-आऊटचा विचार करू लागला की, रस्ता किती फुटांचा, प्लॉट किती निघतील आणि दर काय मिळेल याचा हिशेब पहिल्या बैठकीतच होतो. सांडपाणी कोठे जाणार हा प्रश्न मात्र नकाशा तयार झाल्यावर आणि बहुधा मंजुरीच्या टेबलावर कोणी विचारल्यावरच निघतो. तोपर्यंत रस्त्यांची दिशा ठरून गेलेली असते आणि मलवाहिनीचा उतार त्या रस्त्यांत बसवावा लागतो. वास्तविक क्रम उलटा असायला हवा, कारण समोर असलेल्या तीन पर्यायांपैकी कोणता निवडायचा हे मालकाच्या इच्छेपेक्षा जमिनीची पातळी आणि माती यांवरच अधिक ठरते.

हे पर्याय असे की, महापालिकेच्या भूमिगत मलवाहिनीपर्यंत, म्हणजे आपण ज्याला यूजीडी म्हणतो तिथपर्यंत, स्वखर्चाने नळी वाढवून न्यावी; ले-आऊटपुरता स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, उभारावा; किंवा प्रत्येक प्लॉटधारकाने आपापली सेप्टिक टँक आणि शोषखड्डा करावा. तुलनेसाठी तीस बाय चाळीस फुटांचे साठ प्लॉट असलेला तीन एकरांचा ले-आऊट धरू. घरटी पाच माणसे, माणशी दररोज 135 लिटर पाणी आणि त्यातील 80 टक्के सांडपाणी, या केंद्राच्या पाणीपुरवठा-मलनिस्सारण यंत्रणेच्या (सीपीएचईईओ) नियमपुस्तिकेच्या प्रमाणाने सर्व घरे बांधून झाल्यावर दिवसाला सुमारे 32,400 लिटर सांडपाणी निघेल. सकाळच्या गर्दीच्या वेळेसाठी तिप्पट धरायचे असते. तसे धरले तरी प्रवाह सेकंदाला 1.1 लिटरच्या आसपासच राहतो. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच अडचणीत आणतो.

मलवाहिनी वाढविण्याचा पर्याय कायद्याच्या दृष्टीने सर्वांत सरळ आहे. 1987 च्या कर्नाटक नगरविकास प्राधिकरण कायद्याच्या कलम 32 नुसार खासगी ले-आऊटमधील रस्ते, गटारे आणि मलवाहिनी यांचा खर्च अर्जदारावर येतो आणि बुडा, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण, त्यासाठी रक्कम भरून घेऊ शकते. मलवाहिनीच्या आराखड्याला कर्नाटक नागरी पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाची तांत्रिक मान्यता घ्यावी लागते, आणि काम पूर्ण झाल्यावर रस्त्यांबरोबर ती वाहिनीही स्थानिक संस्थेकडे हस्तांतरित होते. एकदा हस्तांतर झाले की तुंबलेली नळी साफ करण्याची जबाबदारी मालकाची राहत नाही, आणि उरलेल्या दोन्ही पर्यायांत न मिळणारा फायदा नेमका हाच आहे.

अडचण तांत्रिक आहे. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरात सार्वजनिक मलवाहिनी किमान 200 मिलिमीटर व्यासाची घ्यावी असा दंडक आहे. 250 ला 1 या उतारावर अशी नळी पूर्ण भरून वाहिली, तर सेकंदाला सुमारे 20 लिटर पाणी वाहून नेते. आपल्या ले-आऊटचा प्रवाह त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा. इतके उथळ पाणी मैला पुढे ढकलू शकत नाही, तो तळाशी साचतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी चेंबर उलटू लागतात. म्हणूनच सेकंदाला 2 लिटरपर्यंतच्या प्रवाहासाठी हजार मीटरला 6 मीटर इतका उतार ठेवण्यास नियमपुस्तिका सांगते. महापालिकेचे मॅनहोल 300 मीटरवर असेल, तर नळीला 1.8 मीटर उतरावे लागेल. जमीन सपाट असेल आणि सुरुवात 1 मीटर खोलीवर केली असेल, तर नळी त्या मॅनहोलपाशी 2.8 मीटर खोलीवर पोहोचेल. आणि ते मॅनहोल अडीच मीटरच खोल असेल, तर 30 सेंटिमीटरपायी सारी योजना फसते.

त्यामुळे आर्किटेक्टला नकाशा सांगण्याआधी सर्व्हेअरला बोलवावे. महापालिकेच्या परवानगीने आणि त्यांच्या कर्मचाऱ्यासमक्ष जवळच्या मॅनहोलचे झाकण उघडून, आत न उतरता, वरूनच सर्व्हेअरची मोजकाठी (स्टाफ) तळाच्या नाळीपर्यंत टेकवून पातळी घ्यावी आणि तीच पातळी आपल्या जमिनीच्या सर्वांत सखल कोपऱ्याशी जुळवून पाहावी. हिंडलगा-कंग्राळीकडच्या चढउताराच्या जमिनीत उतार बहुधा आपल्या बाजूने असतो. 300 मीटरमध्ये जमीनच दीड मीटर उतरत असेल, तर नळीची खोली शेवटपर्यंत 1.3 मीटरच्या आसपास राहते आणि खोदाई स्वस्तात होते. येळ्ळूर-वडगावच्या भाताच्या सखल शिवारात हे गणित जमणे कठीण. जमले नाही की कोणीतरी पंप सुचवतो. माझ्या मते तीन एकरांच्या ले-आऊटसाठी पंपिंग हा सर्वांत वाईट तोडगा आहे. राखीव पंप, जनरेटर, हेस्कॉमचे वीजबिल आणि रात्री मोटार जळाल्यावर धावणारा माणूस हे सारे कायमचे मागे लागते, आणि असे स्टेशन ताब्यात घ्यायला कोणतीही संस्था उत्सुक नसते.

खर्चाचा अंदाज घेताना केवळ नळीचा दर धरू नये. मॅनहोल साधारण 30 मीटरला एक, म्हणजे 300 मीटरला दोन्ही टोके धरून 11 लागतात, खोली 1.65 मीटरपर्यंत असेल तर आतला व्यास 900 मिलिमीटर, 2.3 मीटरपर्यंत 1200 आणि त्याहून खोल गेले की 1500, असा मॅनहोलचा आकार आणि खर्च खोलीबरोबर वाढत जातो. वाटेत महापालिकेचा डांबरी रस्ता असेल तर तो फोडण्याची परवानगी आणि पूर्ववत करण्याचे शुल्क, आणि रेल्वेमार्ग किंवा पुणे-बंगळूर महामार्ग ओलांडायचा असेल तर त्या त्या खात्याची वेगळी परवानगी, या गोष्टींना लागणारा वेळ नळी टाकण्याच्या वेळेपेक्षा जास्त असतो. खोदकाम बुजविण्याआधी चाचणी आपल्यासमोर करून घ्यावी. नळीच्या आतल्या व्यासापेक्षा 13 मिलिमीटरने लहान असा गुळगुळीत गोळा वरच्या मॅनहोलमधून सोडला की तो खालच्या मॅनहोलमध्ये अडखळल्याविना निघाला पाहिजे, आणि एका टोकाला दिवा व दुसऱ्या टोकाला आरसा धरल्यावर पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. वर्तुळ अर्धे दिसले तर नळी मध्येच बसली आहे, असे खुशाल समजावे.

आणखी एक अट कागदावर सर्वत्र असते आणि प्रत्यक्षात सर्रास मोडली जाते, ती म्हणजे पावसाचे पाणी मलवाहिनीत सोडू नये. बेळगावच्या जून-जुलैच्या पावसात गच्चीचे पाइप यूजीडीच्या चेंबरला जोडलेली दहा घरेसुद्धा खालच्या घरांत घाण पाणी उलटवू शकतात. पावसाचे गटार वेगळे काढण्याचा खर्च टाळून ले-आऊट स्वस्तात पडत नाही.

आता एसटीपीकडे वळू. यात जमिनीच्या पातळीचा त्रास कमी, शहरापर्यंत नळी न्यावी लागत नाही आणि माहितीपत्रकातही ते चांगले दिसते. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम 25 नुसार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी उभारणीची आणि नंतर चालविण्याची अशी दुहेरी संमती मात्र लागते. महानगरे वगळता इतरत्र प्रक्रिया केलेल्या पाण्याचा बीओडी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय घाणीचे माप, लिटरला 30 मिलिग्रॅमपर्यंत असावा असे 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेत आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये याहून कडक, 10 मिलिग्रॅमच्या मर्यादेचा आग्रह धरला, त्यामुळे संमतीपत्रातील आकडा वाचूनच यंत्रणेची निविदा काढावी.

परंतु प्लॉटच्या ले-आऊटमध्ये एसटीपीचे खरे दुखणे नियमांत नसून रिकाम्या प्लॉटांत आहे. आपल्याकडे प्लॉट विकले जातात आणि वर्षानुवर्षे गवत वाढवत पडून राहतात. पहिल्या काही वर्षांत दहाच घरे उभी राहिली, तर यंत्रणेला रोज 32,400 ऐवजी 5,400 लिटर पाणी मिळेल. मैला खाणाऱ्या जिवाणूंना इतक्या अल्प खाद्यावर जगवणे ऑपरेटरला जमत नाही, आणि दहा घरांच्या वर्गणीतून ऑपरेटरचा पगारही निघत नाही. एकदम भरणाऱ्या पन्नास-साठ फ्लॅटच्या इमारतीत हीच यंत्रणा नीट चालते. शिवाय बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या पुढे गेले, तर 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीही लागते आणि तेथे एसटीपी हा पर्याय न राहता अट होते.

प्रक्रिया केलेले पाणी बागेला वापरू, असे सर्वजण लिहून देतात. ऑक्टोबर ते मे ते खरेही ठरते. पावसाळ्यात मात्र बागेला पाण्याची गरज नसते आणि एसटीपीतून पाणी येतच राहते. ते नाल्यात सोडायचे तर संमतीपत्रात तशी नोंद हवी, आणि बळ्ळारी नाल्याच्या पुराने भातपीक बुडण्याचा अनुभव असलेल्या शेतकऱ्यांच्या शिवारातून ते जाणार असेल, तर विरोधाची तयारीही हवी. उद्यान आणि नागरी सुविधांच्या जागा प्राधिकरणाकडे हस्तांतरित होत असल्यामुळे एसटीपीची जागा मंजूर नकाशात सुरुवातीलाच वेगळी दाखवावी, हेही विसरू नये.

सेप्टिक टँकचा पर्याय मालकाला सर्वांत स्वस्त, कारण खर्च खरेदीदाराच्या अंगावर जातो. ग्रामपंचायत हद्दीत, जेथे यूजीडी जवळपास नाही, तेथे व्यवहारात हाच पर्याय उरतो. पाच माणसांच्या कुटुंबाला दीड मीटर लांब, 75 सेंटिमीटर रुंद आणि सुमारे एक मीटर पाण्याच्या खोलीची टाकी पुरते. ती करणे अवघड नाही. टाकीतून बाहेर पडणारे पाणी जिरवणे अवघड आहे. खानापूरच्या बाजूच्या लाल जांभ्या मातीत शोषखड्डा बऱ्यापैकी पाणी पितो, तर काळ्या चिकणमातीत तो पहिल्याच पावसात काठोकाठ भरतो.

माती चांगली असली तरी अंतराचा नियम आहेच. भारतीय मानक 2470 नुसार पाणी जिरविण्याची जागा विहिरीपासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून किमान 6 मीटर दूर हवी. तीस बाय चाळीसच्या प्लॉटचा कर्णच जेमतेम सव्वापंधरा मीटर भरतो. म्हणजे ज्या प्लॉटमध्ये विहीर आहे, त्यात शोषखड्डा नियमानुसार बसूच शकत नाही, आणि एकाचा खड्डा शेजाऱ्याच्या विहिरीला बाधतो. बेळगावात अजूनही घरोघरी विहिरींचे पाणी वापरले जाते, हे ध्यानात घेतल्यास साठ शोषखड्डे शेजारीशेजारी खोदण्याची कल्पना मला तरी पटत नाही. दहा गुंठ्यांचे मोठे प्लॉट आणि नळाचे पाणी असेल तर गोष्ट वेगळी. टाकी दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडीनेच उपसावी. सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा मृत्यूप्रकरणी 30 लाख रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ठरवून दिली आहे.

एकूण पाहता, पातळी जुळत असेल तर 500-600 मीटरपर्यंतही नळी स्वखर्चाने नेणे मी श्रेयस्कर मानीन, मग सुरुवातीचा आकडा एसटीपीपेक्षा मोठा का दिसेना. पातळी जुळत नसेल, तर लगतच्या दोन-तीन जमीनमालकांना एकत्र घेऊन एकच वाहिनी त्यांच्या जमिनीतून उताराने नेता येते का ते पाहावे; प्रवाह वाढला की कमी उतारही चालतो आणि खोली आटोक्यात येते. निपाणी, चिकोडी किंवा खानापुरात बुडाऐवजी त्या त्या ठिकाणची नगरसभा, पट्टण पंचायत आणि नियोजन प्राधिकरण यांच्याशी गाठ पडते, पण उताराचे गणित बदलत नाही.

500 चौरस मीटरपेक्षा मोठा प्रकल्प रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली नोंदवावा लागतो आणि सेवांमधील दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षे विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे बंधन बिल्डरवर राहते. म्हणून मंजुरीपत्रातील कन्नड अटी जाणकाराकडून शब्दशः मराठीत उतरवून घ्याव्या, वाहिनी प्रत्यक्ष जशी टाकली तशी प्रत्येक मॅनहोलच्या पातळीसह नकाशावर नोंदवून घ्यावी, आणि स्थानिक संस्थेने ती ताब्यात घेतल्याचे पत्र हातात पडेपर्यंत ठेकेदाराची अनामत परत करू नये.