पोस्टग्रेस १४ : मायनर अपडेट घ्यावी की थेट १७ वर जावे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना सर्व्हर दहा मिनिटे बंद ठेवायचा म्हटले, तरी अडत दुकानातील दिवाणजी लिहिती पट्टी बाजूला ठेवून “आत्ताच का?” असे विचारतात. ज्यांचा हिशोब पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या १४ क्रमांकाच्या जुन्या आवृत्तीवर आहे, त्यांना त्या प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले पाहिजे.

मायनर अपडेटमध्ये, म्हणजे १४ मधल्याच पुढच्या उपआवृत्तीवर जाताना, डेटा साठवण्याची रचना बदलत नाही. सर्व्हर थांबवायचा, प्रोग्रामच्या फाइली बदलायच्या आणि पुन्हा सुरू करायचा, एवढेच काम असते. नवी सोय त्यात मिळत नाही, केवळ चुका आणि सुरक्षेतील त्रुटी दुरुस्त होतात. मात्र प्रोग्राम सुधारला म्हणजे आधी झालेला बिघाडही निस्तरला, असे समजू नये. १४.० ते १४.३ मध्ये काम चालू ठेवून, म्हणजे ‘कॉन्करंटली’ पद्धतीने, इंडेक्स, म्हणजे नोंद पटकन शोधण्याची सूची, बांधताना काही नोंदी इंडेक्समधून गुपचूप गळू शकत होत्या, आणि म्हणून जून २०२२ मध्ये १४.४ ही आवृत्ती वेळापत्रकाबाहेर काढावी लागली. अशा वेळी एकूण आवकेच्या बेरजेत असलेली बेदाण्याची लॉट क्रमांकाने शोधली की सापडत नाही, आणि शेतकरी काउंटरवर पावती हातात धरून उभा असतो. हा दोष जायला अपडेटनंतर ते इंडेक्स नव्याने बांधावेच लागतात. ‘पीजी_अमचेक’ या साधनाने तपासणी करताना ‘हीपऑलइंडेक्स्ड’ हा पर्याय द्यायला विसरू नये; टेबलातील प्रत्येक नोंद इंडेक्समध्ये आहे का, हे त्यानेच तपासले जाते.

मायनर अपडेट डोळे झाकून घ्यावी, असेही मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२४ मधील १४.१४ मध्ये एका अंतर्गत रचनेचा आकार बदलल्यामुळे टाइमस्केलडीबीसारखी एक्स्टेन्शने, म्हणजे पोस्टग्रेसला जोडायची पूरक सॉफ्टवेअरे, अडचणीत आली आणि आठवड्याभरात १४.१५ आली. एक्स्टेन्शन वापरत असाल, तर आधी डेटाबेसच्या प्रतीवर अपडेट चालवून पाहा.

१७ वर जाणे हे वेगळ्याच वजनाचे काम आहे. व्हॅक्यूमला, म्हणजे रद्द झालेल्या नोंदींच्या साफसफाईला, लागणारी मेमरी त्यात बरीच कमी झाली असून बदललेल्या भागापुरता बॅकअपही घेता येतो. परंतु आवृत्ती बदलणारे ‘पीजी_अपग्रेड’ लिंक पद्धतीने, म्हणजे डेटाच्या जुन्याच फाइली वापरून, केले आणि नवा सर्व्हर एकदा सुरू झाला, की जुन्यावर परतता येत नाही; फाइलींची नक्कल करणाऱ्या कॉपी पद्धतीत परतीची वाट राहते, पण डिस्कवर जवळपास दुप्पट जागा लागते. शिवाय नोंदी कशा शोधायच्या हे ठरवायला पोस्टग्रेस वापरते ती डेटाची आकडेवारी सोबत येत नसल्याने, ती नव्याने गोळा करणारे ‘ॲनालाइझ’ लगेच चालवले नाही, तर सकाळी पहिलाच अहवाल रखडतो.

१४ चा आधार, म्हणजे दुरुस्त्या मिळण्याची मुदत, नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतो, तर १७ चा नोव्हेंबर २०२९ पर्यंत आहे. त्यामुळे माझ्या मते मायनर अपडेट याच आठवड्यात, दुकान बंद झाल्यावर घ्यावी. १७ चे काम मार्चअखेरची खातेबंदी आणि हळदीचा हंगाम उरकल्यावर हाती घ्यावे, तेही बॅकअप दुसऱ्या यंत्रावर रिस्टोअर करून, दिवाणजींकडून त्यातून एक जुनी पट्टी काढून पाहिल्यानंतरच.