विलीज पिकअप : आठ महिने, सहा हजार किलोमीटर आणि पुढची डावी नकल

सगळी उघडून पुन्हा बांधलेली गाडी रस्त्यावर आली त्याला आठ महिने झाले. लिहायचं होतं इंजिनाबद्दल. पण आठांतले पाच महिने एकाच गोष्टीने खाल्ले, म्हणून सुरुवात तिथूनच : पुढच्या डाव्या चाकामागची नकल (स्टीअरिंग नकल : चाकासोबत वळणारं लोखंडी घर), तिच्या आतला लोखंडी गोळा आणि रोज सकाळी त्याच्याखाली दिसणारा बशीएवढा तेलाचा डाग.

गाडीची कुंडली मांडत बसत नाही. १९४७ ते १९६५ या काळात निघालेली चारचाकी-ड्राइव्ह पिकअप, ११८ इंचांचा व्हीलबेस, टी-९० गिअरबॉक्स, स्पायसर १८ ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारा गिअरचा डबा), ५.३८ गुणोत्तराचा अ‍ॅक्सल. वाचणाऱ्यांना हे पाठ असणार.

बंद नकल ज्यांनी उघडून पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे की हा गोळा सील करणं म्हणजे सतत वळणाऱ्या मानेला मफलर गुंडाळून पाणी अडवणं. आत किंग पिनची (ज्या खिळीवर नकल वळते ती) वर एक, खाली एक अशी टेपर बेअरिंगं, मधून जाणारा शाफ्टचा सांधा. बाहेरून एका जागी चिरलेली रबराची कडी, फेल्टची पट्टी आणि त्यावर पत्र्याची दोन अर्धी कडी, आठ बोल्टांनी आवळलेली. स्टीअरिंग वळलं की अख्खा संच गोळ्यावर घासत सरकतो. तेल आत ठेवायचं, धूळ-पाणी बाहेर ठेवायचं, आणि हे सगळं एका चिरलेल्या रबराच्या भरवशावर.

सीलचे नवे संच मिळतात. पहिल्या संचाचं रबर नखाने दाबलं तरी दबत नव्हतं आणि चिरेची टोकं जुळवल्यावर मधे चांगली दीड मिलिमीटर फट. दुसरा संच मऊ निघाला, टोकं नीट भिडली. बसवताना दोन गोष्टी चुकवू नका. चीर वरच्या बाजूला ठेवा. खाली ठेवली तर तेल तिथेच साचतं आणि तिथूनच वाट काढतं. फेल्ट कोरडं बसवू नका. रात्रभर तेलात बुडवून ठेवा, नाहीतर पहिल्या शंभर किलोमीटरांत ते गोळ्याला सँडपेपरसारखं घासतं. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. पत्रा वाकला की सील गेलंच म्हणून समजा.

गोळ्याच्या पृष्ठभागाबद्दल कुणी बोलत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. गाडी वर्षानुवर्षं चाकं सरळ ठेवून उभी असते. त्यामुळे सीलखाली झाकलेला पट्टा गुळगुळीत राहतो आणि उघडा राहिलेला पुढचा-मागचा भाग गंजून खड्डे पडतात. सरळ रस्त्यावर सील चांगल्या पट्ट्यावर बसतं, गळती शून्य. पूर्ण वळण घेतलं की सील खड्ड्यांवर येतं आणि प्रत्येक खड्डा चमचाभर तेल बाहेर आणून ठेवतो. म्हणून चाचणी अशी : गोळा पुसून कोरडा करा, जागच्या जागी स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण दहा वेळा फिरवा, मग बोट फिरवून पाहा. वळवल्यावरच ओलं होत असेल तर दोष गोळ्याचा. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोळ्याभोवती गोलाकार घासून घ्या, मग ६००. नख अडकेल एवढे खड्डे दोन भागांच्या धातू-इपॉक्सीने भरून, वाळल्यावर पुन्हा घासा. हार्ड क्रोम हा पक्का इलाज आहे, पण त्यासाठी नकल उतरवून बरंच काही उघडावं लागतं. खर्च आणि पुन्हा जुळवणी बघता मी इपॉक्सीवर भागवलं. सहा हजार किलोमीटरांत ते उखडलेलं नाही.

एवढं करूनही डाग तसाच. पाचव्या महिन्यापर्यंतचं माझं ठाम मत असं की नव्याने बनणारे सील संच निकामी आहेत, त्यावर एक पैसाही घालू नका.

हे मत आता मागे घेतो. अर्धं तरी.

कारण नकलच्या आतली पातळी मोजायला मी इतके महिने विसरलो. भरणीचा प्लग काढून वाकवलेली तार आत घालायची, पुसायची, पुन्हा घालायची. त्याच दिवशी डिफरन्शिअलचा (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन्ही चाकांना फिरवणारा गिअरसंच) प्लग काढून तिथलीही पातळी बघायची. आठवड्याने दोन्ही पुन्हा. नकलमधली पातळी वाढतेय आणि डिफरन्शिअलची उतरतेय, तर बाहेरच्या सीलचा दोष नाहीच. अ‍ॅक्सलच्या नळीत शाफ्टवर बसणारं आतलं सील गेलंय आणि तेल नळीतून नकलमध्ये येतंय. वासानेही कळतं : गिअर ऑइलचा गंधकाचा उग्र दर्प नकलमधून आला की निदान झालं. मालमसाला दुधासारखा पांढरट दिसला तर पाणी शिरलंय. नकलमधलं अर्धवट पातळ ग्रीस या तेलाने आणखी पातळ होतं आणि बाहेरचं सील, जे घट्ट मालासाठी आहे, ते पाण्यासारख्या तेलाला कितीही नवं असलं तरी अडवू शकत नाही.

आतलं सील बदलताना नवं सील पहिल्याच दिवशी फाडायचा राजमार्ग म्हणजे शाफ्ट सरळ ढकलणं. शाफ्टच्या टोकाला स्प्लाइनचे धारदार दात असतात. सीलच्या ओठावरून (शाफ्टला टेकणारी रबराची कड) नुसते घासले तरी चीर पडते. स्प्लाइनवर प्लास्टिकची पातळ चिकटपट्टी गुंडाळा, ओठाला ग्रीस लावा, शाफ्ट दोन्ही हातांनी उचलून धरत आत न्या म्हणजे त्याचं वजन सीलवर येणार नाही, आणि पट्टी पलीकडून काढता येत नाही म्हणून स्प्लाइन सीलपलीकडे जाण्याआधीच थांबून, थोडा शाफ्ट मागे

थांबा, हे चुकीचं सांगत होतो. पट्टी डिफरन्शिअलच्या आत राहिली तर तीच पुढे बेअरिंगात जाईल. पट्टी नको. त्याऐवजी पातळ पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची सुरनळी सीलच्या ओठात आधी घाला, तिच्यातून स्प्लाइन जाऊ द्या, मग सुरनळी शाफ्टवरून आपल्याकडे ओढून चिरून काढा. सीलचा स्प्रिंग असलेला ओठ डिफरन्शिअलकडे तोंड करून. शाफ्टवर जुन्या सीलने नखाला लागेल अशी खाच पाडली असेल तर नवं सील दोन मिलिमीटर अलीकडे ठेवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर बसेल. जागा पुरते का ते आधी मोजून घ्या.

नवं आतलं सील घातलं आणि डाग निम्म्यावर आला. संपला मात्र नाही.

राहिलेल्या निम्म्याचं कारण अ‍ॅक्सलच्या नळीवरची बोटाच्या पेराहून लहान टोपी. ब्रीदर. अ‍ॅक्सल तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला एकच भोक. रंगकामात तेच भोक रंगाने बुजलं होतं. ते बंद असलं की हवा सगळ्यात कमकुवत जागेतून बाहेर पडते, म्हणजे सीलच्या ओठाखालून, आणि सोबत तेल घेऊन. चेसिस आणि अ‍ॅक्सल चकचकीत काळे करायच्या हौसेत हे भोक बुजवणं ही या गाड्यांच्या दुरुस्तीतली सगळ्यात सर्रास घडणारी चूक असावी. दोन्ही अ‍ॅक्सलचे ब्रीदर काढा, रॉकेलमध्ये बुडवा, बारीक तारेने साफ करा, तोंडाने फुंकून पाहा. रंग लावण्याआधी ब्रीदरच्या आट्यांत जुना बोल्ट फिरवून ठेवा. पाण्यातून जायची सवय असेल तर ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली वर नेऊन बांधा : तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलखालून पाणी ओढलं जातं.

तर सील संचावरचं सुधारित मत : पहिला कडक संच टाकाऊच होता, दुसऱ्यावर मात्र पाच महिने फुकट खापर फोडलं.

नकलमध्ये काय भरावं यावर वाद आहेत. जुन्या पद्धतीने जाड गिअर ऑइल घालणारे आहेत. माझा अनुभव एनएलजीआय ०० या अर्धपातळ ग्रीसचा : वरच्या किंग पिनपर्यंत पोहोचण्याइतकं सैल, सीलला टेकून राहण्याइतकं घट्ट. चाकाच्या बेअरिंगचं साधं घट्ट ग्रीस नकलमध्ये ठासू नका. ते कडांना चिकटून बसतं आणि मधला सांधा कोरडा फिरतो. भरणीच्या भोकापर्यंत काठोकाठही नको. जास्तीचा माल स्पिंडलमधून (चाक ज्यावर फिरतं तो पोकळ आस) हबमध्ये जातो, हबचं सील ओलांडतो आणि ब्रेक लायनर भिजतात. लायनर भिजले की ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला खेचते आणि माणूस स्टीअरिंग उघडून बसतो.

नकल खोललीच आहे तर किंग पिनचा ताण बघितल्याशिवाय बंद करू नका. वरखालच्या टोप्यांखाली शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) असतात, ०.००३, ०.००५, ०.०१० इंच असे. बाहेरचं सील न लावता, शाफ्ट आणि टाय रॉड (दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) सुटे ठेवून, टाय रॉडच्या भोकाला स्प्रिंगचा काटा अडकवा आणि नकल हळू ओढा. काटा जवळपास शून्य दाखवत असेल तर बेअरिंग सैल आहे. एकेक शिम कमी करत मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. सील लावून मोजलंत तर सीलच्या घर्षणाचा आकडा मिळेल आणि बेअरिंग सैलच राहील. साठच्या वेगात खड्डा लागल्यावर पुढची चाकं थडथडायला लागतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. स्टीअरिंग डॅम्पर लावून ते झाकता येतं, बरं होत नाही. टो-इन (पुढच्या चाकांची पुढची कड आत झुकवणं) दीड-दोन मिलिमीटर पुरे.

चाकाचं बेअरिंग : आतला नट चाक फिरवत जड होईपर्यंत आवळा, मग एक षष्ठांश फेरा सैल सोडा, लॉक वॉशर घाला, बाहेरचा नट आवळा, वॉशरची कड मोडा. ५० किलोमीटरनंतर हबला हात लावून पाहा. कोमट ठीक, चटका नको.

फ्री-व्हीलिंग हबबद्दलही (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवता येणारे हब) मत फिरलं. आधी वाटलं होतं, हब सोडून ठेवले की पुढचा शाफ्ट फिरत नाही, झीज वाचते, तेल वाचतं. ते खरं आहे, पण शाफ्ट फिरला नाही तर नकलमधला माल वर उडत नाही आणि वरचं किंग पिन बेअरिंग महिनोन्‌महिने कोरडं राहतं. आता महिन्यातून एकदा हब जोडून, ट्रान्सफर केस मात्र टू-व्हीलवर ठेवून, १५-२० किलोमीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकू नका. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये पीळ भरतो आणि लिव्हर निघता निघत नाही. अडकलाच तर गाडी थोडी रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो. लिव्हरला लाथा घालू नका.

बाकीचं थोडक्यात, कारण बाकीचं चांगलं आहे. टॉप गिअर सरळ एकास एक असल्याने ७० किलोमीटरला इंजिन २,६०० ते २,७०० फेऱ्यांवर असतं. त्यापुढे ओढण्यात मजा नाही, आवाजच जास्त. ट्रान्सफर केसच्या लो रेंजमध्ये (२.४६) पहिला गिअर धरला की सगळं मिळून सुमारे ३७ ला १ होतं आणि गाडी चालत्या माणसाहून सावकाश चढ चढते. इथे पैसे वसूल.

गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल ओतू नका. त्यातली गंधकाची रसायनं सिंक्रोच्या (गिअर जुळवणाऱ्या कड्यांच्या) पितळेला खातात. तिथे जीएल-१ किंवा जीएल-४, अ‍ॅक्सलना जीएल-५. मूळ सहा व्होल्ट ठेवलेत तर बॅटरीच्या केबल जाड हव्यात, कारण तेवढ्याच कामाला दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. बारा व्होल्टवाल्या गाडीच्या बारीक केबल लावून स्टार्टर रेंगाळला की लोक स्टार्टर खोलतात. चेसिस रंगवल्यावर अर्थिंगची जागा खरवडून उघडी करा, नाहीतर तीच रड. इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा दोन्ही फुगवतं, तेव्हा दोन्ही नवे घाला.

हॅण्डब्रेक ट्रान्सफर केसमागे, प्रोपेलर शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शिअलमुळे दुसरं चाक मोकळं होतं आणि ओढलेला हॅण्डब्रेक काहीच धरत नाही. जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावू नका. चालत्या गाडीतही तो ओढू नका. सगळा झटका शाफ्टच्या सांध्यांवर जातो. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. स्टडच्या टोकावर एल कोरलेलं असतं, पण रंगाखाली दिसत नाही. तीन स्टड मोडल्यावर लक्षात येण्यापेक्षा आधी खरवडून पाहा.

आठव्या महिन्याअखेर : उजवी नकल कोरडी. डावीखाली पत्र्याचा डबा ठेवलाय, चार दिवसांत एक थेंब, तोही गाडी डावीकडे कललेल्या उतारावर उभी केली तर. सपाटीवर नाही. नळीतलं तेल उताराने त्या बाजूला येतं एवढंच. सील पुन्हा उघडणार नाही. गाडी दोन हात पलीकडे, सपाट जागी लावतोय.