ग्राल-व्हीएम नेटिव्ह इमेज: काही महिने कामावर लावल्यानंतर

जावाचा प्रोग्रॅम थेट मशीन कोडमध्ये कंपाइल केला की तो आपोआप पळायला लागतो, हा समज जुना आहे. जीसीसी या कंपायलर संचातल्या जीसीजे या जावा कंपायलरने ही वाट फार पूर्वी धरली होती. 2017 मध्ये जीसीसी 7 मधून तो काढूनच टाकला. गेले काही महिने आमच्याकडे ग्राल-व्हीएमच्या नेटिव्ह इमेजवर (जावाचा प्रोग्रॅम आधीच कंपाइल करून थेट चालणारी बायनरी फाइल बनवणारं साधन) तीन गोष्टी चालवून पाहिल्या: एक कमांड लाइन टूल, अधूनमधून जागी होणारी छोटी क्लाउड फंक्शन्स आणि चोवीस तास चालणारी एक सर्व्हिस. पहिल्या दोन्हींसाठी नेटिव्ह इमेज आता सोडवत नाही. सर्व्हिस मात्र परत जेव्हीएमवर, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या नेहमीच्या व्हर्च्युअल मशीनवर नेली.

टूलचा अनुभव तर निखळ आनंदाचा. एंटर दाबताक्षणी उत्तर हजर. पूर्वी नुसती मदत मागितली तरी क्लास लोड करा, तपासा, मग इंटरप्रिटरमध्ये हळूहळू चालवा, एवढं सगळं व्हायचं. मेमरीही बरीच कमी लागते, कारण जेआयटी कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच कोड कंपाइल करणारा) आणि त्याचा पसारा बायनरीत नसतोच. शिवाय समोरच्याच्या मशीनवर जावा टाकलेलं असण्याची गरज उरत नाही.

खरा कस लागतो तो लायब्ररींपाशी. मेन मेथडपासून निघून जिथवर पोहोचता येतं तेवढाच कोड बिल्डच्या वेळी बायनरीत जातो. जावातल्या कितीतरी लायब्ररी मात्र रिफ्लेक्शनवर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नावावरून क्लास आणि फील्ड शोधण्यावर उभ्या आहेत. जेसन डेटा हाताळणारं जॅक्सन फील्ड शोधतं, डेटाबेससाठीचं हायबरनेट प्रॉक्सी (मूळ क्लासच्या जागी उभे राहणारे क्लास) बनवतं, आणि कंपायलरला यातलं काही आपसूक दिसत नाही. आमच्या एका रिपोर्ट बनवणाऱ्या लायब्ररीत क्लासचं नाव तुकडे जोडून तयार होत होतं: आधी पॅकेज, मग फॉरमॅटचं नाव, शेवटी ‘रायटर’. तेच नाव एकसंध स्ट्रिंग म्हणून लिहिलेलं असतं तर नेटिव्ह इमेजने ते ओळखून क्लास आत घेतला असता. इथे बिल्ड झाला, जेव्हीएमवरच्या टेस्ट पास झाल्या, आणि क्वचित वापरला जाणारा फॉरमॅट कुणीतरी निवडल्यावर ‘क्लास नॉट फाउंड’.

यावर ट्रेसिंग एजंट आहे. तो जेव्हीएमवर प्रोग्रॅमसोबत चालतो आणि रिफ्लेक्शनचा प्रत्येक वापर जेसन फाइलमध्ये नोंदवतो. पण जो कोड त्या वेळी चाललाच नाही, त्याची नोंद होणार कशी? त्यामुळे एजंट पूर्ण टेस्ट संचासोबत चालवा आणि टेस्ट बायनरीवरही चालवा, हे मी आता आग्रहाने सांगते. नवीन काम सुरू करत असाल तर क्वार्कस किंवा मायक्रोनॉट हे फ्रेमवर्क घ्या. यातलं बरंच काम ते बिल्डच्या वेळीच उरकतात. स्प्रिंग बूटमध्ये नोव्हेंबर 2022 च्या 3.0 पासून अधिकृत सोय आहे, तीही चांगली चालते. जुन्या, अवाढव्य प्रोजेक्टला हात घालण्याआधी मात्र डिपेंडन्सींची (वापरलेल्या लायब्ररींची) यादी एकेक करून तपासा.

आता सर्व्हिस. हॉटस्पॉट हा नेहमीचा जेव्हीएम चालू प्रोग्रॅमवर नजर ठेवून असतो. एखाद्या इंटरफेसची प्रत्यक्षात एकच अंमलबजावणी वापरात दिसली तर ती कॉलच्या जागीच मिसळून टाकतो. पुढे अंदाज चुकला तर तो कोड टाकून नव्याने कंपाइल करतो. नेटिव्ह बायनरीला ही मुभा नाही, जे ठरवायचं ते बिल्डच्या वेळी. म्हणूनच आमची सर्व्हिस तापल्यावर जेव्हीएमवर जास्त रिक्वेस्ट उरकत होती. पीजीओने (प्रोफाइलवरून केलेल्या ऑप्टिमायझेशनने) ही दरी बरीच भरते: आधी मोजमाप करणारी बायनरी बनवायची, तिच्यावर खऱ्यासारखा लोड टाकायचा, मिळालेलं प्रोफाइल देऊन पुन्हा बिल्ड करायचा. लोड खोटा असेल तर प्रोफाइलही खोटं, आणि आमच्या सर्व्हिसवरचा लोड महिनाअखेरीला पार बदलतो. शिवाय पीजीओ आणि जी-वन हा नको असलेली मेमरी मोकळी करणारा कलेक्टर ग्राल-व्हीएमच्या ओरॅकल आवृत्तीत आहेत, कम्युनिटी आवृत्तीत नाहीत. तिथे सीरियल कलेक्टरवर भागवावं लागतं, आणि हीप (प्रोग्रॅमची मेमरी) मोठा असला की मेमरी साफ करताना त्याचे थांबे जाणवतात.

बिल्डला मिनिटं लागतात आणि रॅमही भरपूर. रोजच्या कामात जेव्हीएमच वापरा.

सर्व्हिस सुरू व्हायला लागणारा वेळ मात्र आम्हाला खुपत होता. मार्च 2025 मध्ये आलेल्या जेडीके 24 (जावाचा विकास संच) मध्ये त्यावर वेगळा उपाय मिळाला. प्रोग्रॅम एकदा सरावासाठी चालवायचा, लोड आणि लिंक झालेल्या क्लासची कॅशे फाइल बनवायची, पुढच्या वेळी जेव्हीएम तिथून उचलतो. रिफ्लेक्शनच्या नोंदी लिहाव्या लागत नाहीत आणि जेआयटी जागच्या जागी राहतो. नेटिव्हइतकी झटपट सुरुवात होत नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो, आणि आमची सर्व्हिस आता त्यावरच चालते आहे.