भजनी मंडळ की ज्येष्ठ नागरिक संघ? गावाकडच्या आई-वडिलांसाठी गट निवडताना

मुलं पुण्या-मुंबईला आणि आई किंवा वडील मागे परभणी, लातूर, अंबाजोगाईकडच्या घरात, हे चित्र मराठवाड्यात आता घरोघरी दिसतं. फोन रोज होतो, औषधं वेळेवर पोचतात, तरी ‘दिवस जात नाही’ हे ऐकावं लागतं. मग त्यांना एखाद्या गटात जाऊ द्यावं असं ठरतं. भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्य क्लब, बचत गट असे चार पर्याय बहुतेक ठिकाणी असतात. त्यातला कोणता चांगला, हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारेन: आपलं माणूस दोन दिवस गेलं नाही, तर कुणी दारात येऊन विचारतं का?

एकाकीपणावरच्या तीस अभ्यासांचा एक आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात परिणामकारक ठरलेल्या दहा उपक्रमांपैकी नऊ गटाचे होते आणि त्यांत शिकणं किंवा एकमेकांना आधार देणं होतं. कुणीतरी घरी येऊन चौकशी करून जाण्याचे उपक्रम मात्र बरेचसे फोल ठरले. म्हणजे दारात येणारा पाहुणा नव्हे, गटातलाच सोबती हवा, आणि सोबत्यांइतकंच गटात करायला काही काम असणं महत्त्वाचं.

खेड्यात राहणारी, विशेषतः एकटी पडलेली आई असेल, तर माझं मत आधी भजनी मंडळाला. संध्याकाळच्या हरिपाठाला अर्ज लागत नाही, शिक्षण लागत नाही. नामदेवांची नरसी, जनाबाईंचं गंगाखेड, ज्ञानेश्वरांचं आपेगाव, एकनाथांचं पैठण याच मुलखातले. इथल्या सत्तरीतल्या बाईला अक्षरओळख नसली तरी अभंग पाठ असतात. यातली फारशी कुणाच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे कान. ऐकू कमी येणारं माणूस गप्पांत मागे पडतं, व्याख्यानात तर पार एकटं होतं. पाठ असलेला अभंग मात्र टाळाच्या ठेक्यावर सगळ्यांबरोबर म्हणता येतो. शिवाय सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, पहारे लावून दिलेले असतात. ज्याच्या नावावर पहारा आहे तो आला नाही, तर त्याच्या घरी माणूस जातोच.

पण मंडळाचे दोष झाकून ठेवू नयेत. काही गावांत बायका मागे बसून नुसत्या ऐकतात, टाळ पुरुषांच्या हाती. काही ठिकाणी सगळ्या समाजांतली माणसं सारख्या मोकळेपणाने बसू शकत नाहीत. तुमच्या आईला कुठे बसवतात, हे एकदा जाऊन बघा. बौद्ध वस्तीत वर्षावासाच्या तीन महिन्यांत, आषाढी ते आश्विनी पौर्णिमेपर्यंत, विहारात ग्रंथवाचन चालतं. ज्येष्ठांना तिथे वाचक म्हणून उभं केलं तर पहाऱ्यासारखंच त्यांच्या नावावर काम येतं. तीन महिन्यांनंतर काय, हे मात्र आधीच विचारून ठेवावं.

बीड जिल्ह्यातल्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुठल्याही गावातल्या लोकांनी आणखी एक काळजी घ्यावी. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, कारखान्यांकडे निघाले की गावात म्हातारी माणसं आणि शाळकरी नातवंडं उरतात. टाळकरी, मृदंगवादक सगळे उसाच्या फडावर. आषाढात गच्च भरलेलं मंडळ पौषात बंदही असू शकतं, आणि एकाकीपणा खरा छळतो तो याच महिन्यांत. चौकशी करायची तर हिवाळ्यातली करा. मंडळ थांबत असेल तर मागे राहिलेल्या तीन-चार घरांनी संध्याकाळी एकत्र जेवायची वहिवाट घालून घ्यावी. पोरांचंही भागतं.

निवृत्त शिक्षक, तलाठी, बँकेतला कारकून असे वडील तालुक्याच्या गावी असतील, तर ज्येष्ठ नागरिक संघ सरस. त्यांची गेली ती नोकरीच नव्हे, मानही गेलेला असतो. संघात कार्यकारिणी असते, हिशेब असतो, निवेदनं द्यायची असतात, सहल ठरवायची असते. वडिलांना खजिनदाराची वही मिळाली तर सकाळपासून त्यांना काहीतरी उरकायचं असतं. उलट महिन्यातून एक व्याख्यान, वाढदिवसांचे सत्कार आणि चहा एवढंच चालणारा संघ असेल, तर तिथून ते आले तसेच परत येतील. राज्यातल्या संघांची फेस्कॉम ही मोठी संघटना आहे, पण तिचा फलक पाहून ठरवू नका. एक बैठक बघून ठरवा. बायका किती येतात आणि बोलतात का, हेही पाहा. अनेक संघ अजून पुरुषांचेच आहेत.

हास्य क्लब १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईच्या एका बागेत सुरू केला. आता मराठवाड्यातल्या शहरांतही सकाळी बागेत असे गट दिसतात. बुजऱ्या माणसाला पहिलं पाऊल टाकायला हा सोपा. खरी ओळख नंतरच्या चहावर होते, म्हणून चहाला थांबायला सांगा. हर्निया असेल किंवा डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

बचत गटाबद्दल थोडंच. पैशांचा व्यवहार कळणाऱ्या बाईला तिथे वजन मिळतं. तरुण सुनांच्या गटात सासूची फक्त सही उरत असेल तर नको. आई विधवा असेल आणि महिला मंडळाचा सगळा डोलारा हळदीकुंकवावर असेल, तर तिथेही पाठवू नका. गर्दीत तिला बाजूला बसावं लागेल, आणि ते घरी एकटं बसण्यापेक्षा जास्त लागतं.

काहीही निवडलं तरी सुरुवातीला कुणीतरी सोबत जावं. तालुक्याला जायचं तर एसटीचा खर्च आड येऊ नये: पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ वयाला निम्मं भाडं, बायकांना कुठल्याही वयात निम्मं. अंतर जास्त असेल तर मोठ्या संघापेक्षा चालत जाता येणारा छोटा गट घ्या. गुडघे दुखायला लागले की पहिला बंद होतो तो लांबचाच गट.

झोप उडाली, जेवण तुटलं, ‘आता जगून काय करायचं’ असं बोलणं सुरू झालं, तर गटाची वाट बघत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेली मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर कुठल्याही वेळी फुकट बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून आईच्या फोनजवळ चिकटवून ठेवा.