अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी स्पेसर : नळीपेक्षा मास्क पारखून घ्या

बीपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा जुनाट आजार असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पंपाचं (इनहेलरचं) औषध द्यायचं तर झडपेचा स्पेसर, म्हणजे पंप आणि मास्क यांच्यामधली औषध धरून ठेवणारी पोकळ नळी, आणि बेबी मास्क लागतोच. औषध कोणतं आणि किती पफ (पंपाचे फवारे), हे डॉक्टर ठरवतात. ते छातीत पोचतं की गालावर बसतं, हे मात्र या वस्तूवर आणि धरणाऱ्या हातावर ठरतं.

3 किलोच्या बाळाच्या एका श्वासात जेमतेम 15 ते 20 मिली हवा जाते. लहान स्पेसरची पोकळी साधारण 150 मिली. म्हणून एका पफला किमान आठ-दहा श्वास मोजायचे. झडप इतक्या हलक्या श्वासालाही उघडली पाहिजे, आणि तिची पाकळी बाहेरून दिसली पाहिजे. पाकळी हलली नाही तर श्वास मोजण्यात अर्थ नाही. काही स्पेसरना असलेल्या शिट्टीचा या वयात उपयोग नाही. ती जोराच्या श्वासाला वाजते.

खरी परीक्षा मास्कची. मऊ सिलिकॉनची कड नाकाच्या हाडापासून हनुवटीच्या खळीपर्यंत बसावी, डोळ्यांवर चढू नये. मास्क मोठा असला की बाळ आपलीच सोडलेली हवा पुन्हा ओढत राहतं. बारीक फट राहिली तर ते तिथूनच हवा घेतं आणि औषध नळीतच राहतं. ऑक्सिजनची नळी कडेखालून जाते तिथे अशी फट हमखास पडते. ती कशी सांभाळायची हे घरी जाण्याआधी नर्सकडून करून दाखवून घ्या. मास्क चेहऱ्यापासून लांब धरून फवारा मारणं म्हणजे औषध वाया घालवणं.

पंप हलवा, मास्क आधी बसवा, मग एकच पफ. दोन पफ एकदम मारू नका. दुसऱ्याआधी अर्धा ते एक मिनिट थांबून पंप पुन्हा हलवा. रडणाऱ्या बाळाला देऊन भागत नाही: लांब हुंदका, मग झटक्यात घेतलेला श्वास, आणि औषध घशातच अडकतं. झोपेत द्यावं म्हटलं तर मास्क टेकताच बरीच बाळं दचकून उठतात. जागं, शांत, मांडीवर थोडं उठवून धरलेलं बाळ सगळ्यात बरं. स्टिरॉइड असेल तर नंतर चेहरा आणि तोंड आतून ओल्या मऊ कपड्याने पुसा, नाहीतर जिभेवर पांढरा थर येतो.

साध्या प्लॅस्टिकच्या नळीत स्थिर वीज साठते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. त्यामुळे पहिल्यांदा वापरण्याआधी आणि मग दर आठवड्याला एकदा सुटे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घालून भिजवा, निथळून उभे वाळवा. नळी आतून फडक्याने पुसली की वीज परत येते. मास्क मात्र साध्या पाण्याने खळखळून घ्या, साबण बाळाच्या कातडीला लागायला नको. पाकळी चुरगळली किंवा चिकटून राहू लागली तर स्पेसर बदलायचा.