सायलेन्सर लगेच बदलायचा की पहिल्या सर्व्हिसनंतर?

रॉयल एनफील्डची नवी क्लासिक ३५० मोटरसायकल दारात आली की हात शिवशिवतात, हे खरं. लगेच बदललात तर पहिल्या दिवसापासून मनासारखा आवाज मिळतो. दुसरा फायदा मला तरी दिसत नाही.

रनिंग-इनच्या, म्हणजे नवं इंजिन रुळण्याच्या काळात पिस्टन रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर बसत असतात, त्यामुळे इंजिन आधीच जास्त तापतं. त्यात मोकळा पाइप बसवला आणि ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) मॅपिंग, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं याचं गणित, कंपनीचंच राहिलं, तर हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडून उष्णता आणखी वाढू शकते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर संथ चालीत ते सांभाळून घेतो, जोरात थ्रॉटल दिल्यावर नाही. फक्त मागचा डबा बदलला तर फरक बराच कमी. बेंड पाइपसकट (इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीसकट) बदलणं मात्र वेगळं प्रकरण.

५०० किलोमीटरची पहिली सर्व्हिस होईपर्यंत थांबलात, तर मूळ आवाज कानात बसतो आणि टॅपेटची (इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळच्या भागांची) खटखट वेगळी ओळखता येते. बिघाड निघालाच, तर वॉरंटीवरून वादही होत नाही.

कायदा दोन्हीकडे सारखाच: आवाज किंवा धुराची मर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड १०,००० रुपयांपर्यंत. पुण्यात तर जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात! काढलेला मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका.